पैसे देऊन डाग?
आमच्या जालन्याकडे पुढचे दात तुटण्याची कारणं ठरलेली. हापशाचा दांडा, मोटारसायकल, नाहीतर क्रिकेट. दाढेत काहीही भरलं तरी खपून जातं. चावता आलं की झालं. पुढच्या दाताला ती सवलत नाही.

"पांढराफेक करा," असं बहुतेक जण सांगतात आणि तिथूनच आमची घासाघीस सुरू होते. खरा दात पांढराफेक नसतोच. आतलं डेंटिन पिवळसर आणि अपारदर्शक, वरचं इनॅमल दुधी. हिरडीजवळ इनॅमल पातळ असतं म्हणून तिथे पिवळी झाक. टोकाला डेंटिन संपतं म्हणून तिथे निळसर-करडी.

छटा मी सगळ्यात आधी ठरवतो, इंजेक्शनच्याही आधी. तोंड उघडं राहून दात कोरडा पडला की काही मिनिटांत फिकट दिसतो, आणि त्या रंगाशी जुळवलेलं काम दुसऱ्या दिवशी उघडं पडतं. छटा जुळवायच्या व्हिटाच्या नेहमीच्या पट्टीत 16 छटा असतात. ती घेऊन पेशंटला खिडकीशी उभं करायचं, भडक पदरावर करडा टॉवेल टाकायचा आणि झटकन ठरवायचं. फार वेळ पाहिलं की डोळा फसतो.

1955 साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिलं की फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरखरीत केलं तर अ‍ॅक्रिलिक त्याला घट्ट धरतं. कोपरा तुटला म्हणून आज अख्खा दात घासून कॅप बसवावी लागत नाही, ती त्यांची कृपा. तुटलेला भाग आम्ही थराथराने बांधतो: आधी मागची पातळ भिंत, मग डेंटिनच्या छटेचा गाभा, वरून इनॅमलच्या छटेचा पदर. थर दोन मिलिमीटरच्या आत, कारण तो घट्ट करणारा निळा प्रकाश त्याखाली नीट पोचत नाही.

पण माझं मत विचाराल तर रंगापेक्षा आकार मोठा. दाताच्या दर्शनी बाजूवर प्रकाश वळतो अशा दोन उभ्या कडा असतात. त्या शेजारच्या जोडीदारासारख्या साधल्या तर छटा थोडी चुकलेली कुणाच्या ध्यानात येत नाही. पन्नाशीच्या शेतकऱ्याचे दात टोकाला झिजलेले असतात. त्याला कॉलेजच्या पोराचं टोक दिलं तर अख्खं तोंड परकं दिसतं.

अवघड असतं ते फ्लोराइडच्या पाण्यावर वाढलेल्यांचं. त्यांच्या दातांवर पांढरे ढग, तपकिरी डाग. तिथे नव्या तुकड्यातही पुसटसा ढग सोडावा लागतो. "म्हणजे पैसे देऊन डाग?" असं एका मावशींनी तोंडावर विचारलं. दात बनवण्यापेक्षा त्यांना पटवायलाच जास्त वेळ गेला.

एक विनंती. तुटलेला तुकडा सापडला तर कागदात गुंडाळू नका, दुधात किंवा पाण्यात बुडवून आणा. बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो. पक्का दात मुळासकट निघाला असेल तर मूळ घासू नका. दात दुधात टाका आणि तासाच्या आत दवाखाना गाठा.