उलट्या शिवणीचं झबलं

आमच्या घरातलं झबलं दिसायला अगदीच गबाळं. शिवणी सगळ्या बाहेर, कडांना सुतं लोंबतायत, गळ्याची उरेप पट्टी एका बाजूला चढलेली. येणारा प्रत्येक जण सांगायचा, "अहो, उलटं घातलंय." उलटं नव्हतंच ते. नव्या कातडीला शिवण टोचू नये म्हणून झबलं आपली वेडीवाकडी बाजू जगाला दाखवतं आणि आतून गुळगुळीत राहतं. दुकानातल्या कपड्यांची तऱ्हा वेगळी. बाहेर ससा-हत्ती आणि आत मानेशी खरखरीत लेबल.

कूळ मात्र चांगलं हो त्याचं. सासूबाईंचं सुती पातळ, १९८२चा गिरणीसंप सुरू व्हायच्या आधीच्या दिवाळीतलं. बसण्याकडचा भाग विरलेला, पण पदराकडचं कापड शाबूत होतं. नव्या कापडाला खळ असते. याची खळ चाळीस वर्षांच्या धुण्यात कधीच वाहून गेली होती. शिवाजी पार्कच्या दमट पावसात टॉवेल दोन-दोन दिवस कुबट राहायचे, हे पंख्याखाली अर्ध्या तासात वाळून पुन्हा कामाला हजर.

कापडाची चौघडी घालून बेतलं की खांद्याला शिवणच येत नाही. तेवढं आठवणीत होतं. गळा मात्र मी छातीच्या अंदाजाने बेतला. नव्या बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं, घेर जवळजवळ ३५ सेंटिमीटर. दोन मुलं वाढवूनही हे विसरले. झबलं कानांशी अडकलं. नातवाने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मग पाठ सरळ कापून उघडी केली आणि दोन बंद लावले. बटण नकोच, ते तोंडात जातं. तीन महिन्यांनी तेच झबलं फिरवून उघडी बाजू पुढे घेतली. पुढचं-मागचं असा मान त्याने कधी मागितला नाही.

संक्रांतीला बोरनहाण झालं. त्या दिवशी काळं, खडीचं झबलं आलं, हलव्याचे दागिने आले, फोटो त्याचेच निघाले. आमचं गॅलरीतल्या दोरीवर. काळं संध्याकाळी घडी होऊन कपाटात गेलं ते गेलंच. रात्री दूध ओकलेल्या पोराच्या अंगात पुन्हा हेच.

आता नातू रांगतो, झबल्याच्या बाह्या त्याला कोपरापाशी काचतात. टाकवेना, म्हणून ह्यांनी ते सदऱ्याच्या खिशात घातलं. संध्याकाळी पार्काच्या कट्ट्यावर बसले की चष्मा त्यानेच पुसतात. परवा शेजारच्या गृहस्थांनी लोंबणारा बंद बघून विचारलं, "काय हो, रुमालाला नाडी?"

"उलटा आहे तो," हे म्हणाले.