ओटा की पट्टा?

परवा रत्नागिरीला माहेरी गेले, तर अंगणात जांभ्या चिऱ्यांची रास! दादा मागे दोन खोल्या बांधतोय. दारंखिडक्यांवरून काँक्रीटचा पट्टा घ्यायला गवंडी नाखूष. खर्च वाढतो म्हणे.

आई मात्र हटेना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती चिपळूणला सात वर्षांची पोर होती. अंगणात कुडकुडत काढलेली ती पहाट अजून विसरलेली नाही.

सळया घालून चारही भिंतींवर सलग फिरवलेला पट्टा घराला कंबरपट्ट्यासारखा आवळून धरतो. नाहीतर धक्क्याने कोपरे उकलतात. १९९३ साली किल्लारीला मातीत रचलेल्या जड दगडी भिंतीच माणसांवर कोसळल्या.

शेवटी ग्रॅनाइटच्या ओट्यासाठी साठवलेले पैसे आईने पट्ट्याला दिले. म्हणाली, "ओटा कडाप्प्याचा चालेल गं. नातवंडं निजणार आहेत ना त्या खोलीत!"