कातळाला कंठ फुटतो

मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन गेला की सड्यावरचा जांभा उन्हाळाभराची धग टाकतो, त्याच्या खळग्याखळग्यांत तांबूस पाणी साचतं, वाळून काळं पडलेलं शेवाळ हळूहळू हिरवं होतं, आणि अंधार दाटताना कुठून तरी, दगडाच्या पोटातूनच निघाल्यासारखा, एक किरटा सूर लागतो. त्याला दुसरा येऊन मिळतो, मग तिसरा, आणि मग सूर वेगळे काढायचं भानच उरत नाही.

कातळाला कंठ फुटतो.

इवला बेडूक शोधायचा तर डोळे नंतर, आधी कान. बॅटरी विझवून उकिडवं बसायचं. आपल्या पावलांनी गप्प झालेला सूर पुन्हा उमटेपर्यंत पावसाची बुरबुर ऐकत राहायचं. मग उजेडाची तिरीप टाकली की अंगठ्याच्या पेराएवढा एक जीव कारवीच्या पानावर बसलेला सापडतो. त्याच्या गळ्याखालचा फुगा डोक्याहून मोठा, इतका पातळ की उजेड आरपार जातो. बोटांच्या टोकांना चकत्या दिसल्या म्हणजे हा झुडुपी बेडूक. त्याची पिल्लं पाण्यात पोहत नाहीतच. अंड्याच्या आत सगळं बालपण उरकून थेट बेडूक होऊन बाहेर येतात. यांतल्याच एका जातीला 2013 साली पुण्याच्या प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे सरांचं नाव मिळालं. किती वर्षं तो सह्याद्रीच्या पावसात ओरडत होता, बिननावाचा!

धबधब्याशेजारच्या ओल्या कड्यावर तर याहून नवल. तिथे पाण्याची नुसती पातळ साय वाहत असते, आणि तिच्यात लांब शेपटीचे बेडूकमासे उभ्या दगडाला चिकटून शेवाळ खरवडत असतात. पाण्याविना पोहणं म्हणावं का याला? मी बोट जवळ नेलं की ते टुणकन उडतात.

घरामागे न्हाणीचं पाणी अळवात मुरतं, तिथला रहिवासी वेगळा. निमुळत्या तोंडाचा, पाठीवर गडद नक्षी, कानाचा पडदा शोधूनही दिसत नाही. मात्र आवाज अंगाच्या मानाने दांडगा. त्याची पिल्लं अगदी पारदर्शक असतात. डबक्यातलं पाणी निवळलं की त्यांच्या अंगातून आतडं दिसतं, आणि नीट निरखलं तर हृदयाची थरथरही. एवढं उघडं जगणं पाहिलं की माझा आवाज आपोआप खाली येतो.

आणि आंबोलीचा तो वाघासारखे पट्टे असलेला टोड! बेडकांचे अभ्यासक बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्याची ओळख जगाला करून दिली. पावसाच्या आरंभी जांभ्यावर साचणाऱ्या वितभर पाण्यात त्याचा सगळा संसार. ऊन चार दिवस टिकलं तर पाणी आटतं आणि पिढीच वाळून जाते. सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद ‘पोटखराबा’ म्हणून होते. पीक येत नाही, म्हणून खराब. ज्या जमिनीवर एवढे जीव जन्माला येतात तिला खराब म्हणणं मला कधीच पटलं नाही.

बेडूक कातडीनेही श्वास घेतो. डासांचं मलम लावलेल्या हाताने त्याला उचलू नका. ओळख बघूनही होते, ऐकूनही. पावसाळी रात्री आंबोलीच्या रस्त्याने जाल तेव्हा गाडी सावकाश हाका, कारण बेडूक रस्त्यावरही येतात. आणि परसातली ओल फरशीखाली गाडायच्या आधी एक रात्र, दिवा मालवून, तिथे जरूर बसा.