पुण्याची गाडी गुवाहाटीला

माल दुसऱ्याच्या हाती सोपवणे व्यापारी घराण्यांना नवे नाही. कापडाच्या गाठी, धान्याची पोती, भांड्यांची खोकी ही आडत्याच्या आणि गाडीवानाच्या भरवशावर पिढ्यान्पिढ्या मुलूख ओलांडत आली. घरातली मोटारगाडी पाठवण्याची वेळ येते, तेव्हा मात्र अनुभवी पेढीचे मालकही जरा अस्वस्थ होतात. गाठ हरवली तर तिची किंमत लावता येते. ज्या गाडीतून वडिलांना दवाखान्यात नेले, सुनेला प्रथम घरी आणले, तिची किंमत लावणे अवघड जाते. अशी गाडी पुण्याहून गुवाहाटीला, म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर, एका अनोळखी चालकाच्या स्वाधीन करायची असते.

प्रसंग तसा नेहमीचा आहे. धाकटा भाऊ किंवा मुलगा आसामातली पेढी सांभाळण्यासाठी निघतो. तो स्वतः विमानाने काही तासांत पोहोचतो. गाडी मागाहून येते. स्वतः चालवत नेण्याचा विचार घरात एकदा तरी होतोच. पाच-सहा दिवसांचा प्रवास, इंधन, पथकर, मुक्कामाचा खर्च आणि चालवणाऱ्याच्या जिवाची काळजी यांचा हिशेब मांडला, की बहुतेक कुटुंबे व्यावसायिक वाहतूकदाराकडे वळतात.

पुण्याच्या परिसरात ही वाहतूक मोठ्या प्रमाणावर चालते, कारण चाकण आणि पिंपरी-चिंचवड येथे मोटारींचे कारखाने आहेत. कारखान्यातून निघालेल्या नव्या गाड्या देशभर ज्या दुमजली ट्रेलरांतून जातात, तशाच ट्रेलरांतून घरगुती गाड्याही जातात. रेल्वेही गाड्या वाहते. जुने प्रवासी डबे बदलून त्यांतून मोटारी नेण्याची सोय तिने केली आहे. परंतु तिचा मुख्य उपयोग कारखान्यांच्या घाऊक मालासाठी होतो. एकट्या घरगुती गाडीसाठी रस्ता हाच सोयीचा मार्ग.

यार्डात गाडी भरताना पाहणे हा एक अनुभव आहे. चालक उतरत्या लोखंडी पाटांवरून एकेक गाडी हलकेच वर चढवतो. आरसे आणि ट्रेलरची भिंत यांत जेमतेम वीतभर जागा उरते. चाकांना जाड पट्टे आवळतात, पुढेमागे ठोकळे लावतात. पट्टा चाकाला बांधलेला असला, की गाडी आपल्या स्प्रिंगांवर हलू शकते आणि खड्ड्याचा धक्का सांगाड्याला कमी बसतो. जाणता मनुष्य टाकीत पाव भागापेक्षा जास्त इंधन ठेवत नाही आणि फास्टॅग काढून घेतो किंवा झाकतो. न जाणो, टोलनाक्यावरचे यंत्र पाठीवरच्या गाडीचाही पथकर कापून घ्यायचे. गाडीत भांडीकुंडी, कपडे, देवघरातल्या वस्तू भरून पाठवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. गाडीचा विमा अशा सामानाला लागू पडत नाही, आणि वाटेत तपासणी झाली तर खुलासा चालकाला द्यावा लागतो.

खरी परीक्षा यानंतर, बिल्टी लिहिताना होते. गाडीची किंमत किती लिहायची? समजा, गाडी सहा लाखांची आहे. तीन लाख लिहिले तर विम्याचा हप्ता निम्म्यावर येतो. हजार-दीड हजार वाचवण्याचा हा विचार पेढीवर बसलेल्या कोणाच्याही मनात येऊ शकतो. परंतु मालवाहतुकीच्या विम्यात कमी दाखवलेल्या किमतीचा परिणाम भरपाईवर होतो. सहा लाखांची वस्तू तीन लाखांची म्हणून लिहिली आणि एक लाखाचे नुकसान झाले, तर विमा कंपनी त्याच प्रमाणात अर्धीच रक्कम मान्य करू शकते. मग वाचवलेल्या हजाराची किंमत पन्नास हजार होते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की नुकसान झाल्यावर हाच मालक वाहतूकदाराला खरेपणा शिकवायला जातो. त्या वेळी त्याचा स्वतःचा कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

कायद्यानेही या कागदाला वजन दिले आहे. १८६५चा जुना वाहतूकदार कायदा जाऊन त्याच्या जागी रस्ता वाहतुकीसाठी २००७चा कायदा आला. तो २०११पासून अमलात आहे. त्यानुसार मालवाहतूक करणाऱ्याने नोंदणी केलेली असावी लागते. मालधन्याने जादा जोखमीचा दर स्वीकारला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणतः भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. भाडे पंचवीस हजार असेल, तर ही मर्यादा अडीच लाखांची झाली. नुकसानीची लेखी सूचना माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. ती न देता दावा चालत नाही. दुसरी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गाडीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत रस्ता, रेल्वे किंवा अंतर्गत जलमार्गाने गाडी नेताना होणारे नुकसानही बहुधा अंतर्भूत असते. म्हणून वेगळा विमा घेण्यापूर्वी घरातली पॉलिसी एकदा उघडून वाचावी, आणि ती वाटेत संपत नाही ना, हेही पाहावे.

आपल्या पूर्वजांना हे शहाणपण परके नव्हते. हुंडीच्या व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे; वाटेत माल बुडाला तर हुंडी विकत घेणाऱ्याने ते नुकसान सोसायचे. म्हणजे एकाच कागदात उधारी आणि विमा दोन्ही असत. तो कागद चालत असे, कारण त्यावर लिहिलेला माल आणि जहाजात चढलेला माल एकच असे. विश्वास आणि लेखी नोंद या दोन वेगळ्या वाटा आहेत, असे त्या व्यापाऱ्यांनी कधी मानले नाही.

बिल्टीवर सही होते आणि ट्रेलर निघतो. त्याची वाट नद्यांवरून मोजावी. अहिल्यानगर मागे टाकल्यावर प्रवरासंगमाजवळ कायगाव टोका येथे गोदावरी लागते. छत्रपती संभाजीनगरापासून समृद्धी महामार्ग विदर्भ ओलांडून नागपूरला नेतो. नागपूरच्या उत्तरेस महामार्ग पेंचच्या अरण्यातून जातो. येथे रस्त्याचे काही लांब भाग खांबांवर उचललेले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा सुमारे ७५० मीटरचा आहे. वरून अवजड वाहने धावतात आणि खालून चितळ, रानडुकरे, रानकुत्रे, वाघ ये-जा करतात. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांनी त्याची नोंद केली आहे. व्यापाराला रस्ता हवा आणि मुक्या जीवांना त्यांची वाट हवी, या दोन गरजांचा मेळ घालण्यासाठी खर्च करावा लागला आणि तो केला गेला. पेंचमधून जाणाऱ्या प्रत्येक मालात त्या खर्चाचा अंश आहे. तो भार आनंदाने सोसावा असाच आहे.

पुढे जबलपूरजवळ नर्मदा, रीव्यानंतर घाट उतरून वाराणसीपाशी गंगा. तेथून ट्रेलर उत्तर बिहारात शिरतो. मुझफ्फरपूर, दरभंगा ओलांडल्यावर येते ती कोसी. ही नदी पात्र बदलण्यासाठी प्रसिद्ध आहे; २००८ मध्ये नेपाळातील कुसहा येथे तिने बांध फोडला आणि लाखो लोक बेघर झाले. २०१२ मध्ये कोसी महासेतू खुला झाल्यावर मिथिलेचे दोन भाग पुन्हा सरळ रस्त्याने जोडले गेले. पोरबंदरला सिलचरशी जोडणारा पूर्व-पश्चिम महामार्ग याच पुलावरून जातो.

पूर्णियाच्या पुढे भूमी अरुंद होत जाते. एका बाजूला नेपाळ, दुसऱ्या बाजूला बांगलादेश आणि मध्ये सिलिगुडीची पट्टी. सर्वांत अरुंद जागी ती जेमतेम २०-२२ किलोमीटर रुंद आहे. ईशान्य भारताकडे जमिनीवरून जाणारा सारा माल या चिंचोळ्या वाटेने जातो. गुवाहाटीत पुण्याची गाडी यायला उशीर का होतो, याचे उत्तर येथे मिळते. पावसाळ्यात दरड कोसळली, पूर आला किंवा रस्ता रोखला गेला, की मागे रांगा लागतात. अनेकदा वाटेतल्या एखाद्या मोठ्या केंद्रावर गाडी एका ट्रेलरवरून उतरवून दुसऱ्यावर चढवतात. भरपूर गाड्या जमेपर्यंत ती तेथे थांबतेही. म्हणून ‘अमुक तारखेला नक्की’ असे वचन देणाऱ्यापेक्षा ‘दोन आठवडे धरा, वाटेतली खबर देत राहू’ असे सांगणारा वाहतूकदार अधिक भरवशाचा समजावा. भाडे फारच कमी सांगून गाडी ताब्यात घ्यायची आणि मग अर्ध्या वाटेवरून जादा पैसे मागायचे, असे प्रकार घडतात. नोंदणी क्रमांक, पक्का पत्ता आणि छापील बिल्टी यांची चौकशी आधी केली, तर ही वेळ सहसा येत नाही.

या साऱ्या वाटेवर गाडीचा सांभाळ करतो तो ट्रेलरचा चालक. त्याचे घर म्हणजे केबिन. स्टोव्ह, पाण्याचा कॅन, एक पातळ गादी. पाठीवर आठ कुटुंबांच्या गाड्या असतात आणि त्यांपैकी एकाही कुटुंबाला तो ओळखत नाही. १ ऑक्टोबर २०२५नंतर तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. जुन्या ट्रकांचे चालक मात्र अजून विदर्भाच्या उन्हात तशीच वाट कापतात. ‘गाडी अजून का नाही आली?’ म्हणून दिवसातून चार वेळा दूरध्वनी करणाऱ्या मालकाने लक्षात ठेवावे, की घाई केलेला चालक झोप मोडून चालवतो. त्याला मिळालेली एक रात्रीची विश्रांती ही आपल्या गाडीच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

तिस्ता ओलांडून, डुआर्सचे चहामळे मागे टाकून श्रीरामपूर येथे ट्रेलर आसामात प्रवेश करतो, आणि शेवटी ब्रह्मपुत्रेवरील शराईघाट येतो. १६७१ मध्ये लाचित बरफुकन यांनी मुघल आरमाराला येथेच रोखले. १९६२ मध्ये रेल्वे आणि रस्ता अशा दोहोंसाठी येथे पूल झाला. आसामात ब्रह्मपुत्रेवर बांधलेला तो पहिला पूल. त्यापूर्वी येणारा व्यापारी नदी नावेनेच ओलांडत असे. ज्योतिप्रसाद अगरवाला, ज्यांनी १९३५ मध्ये ‘जॉयमती’ हा पहिला असमिया चित्रपट काढला, त्यांचे पूर्वज १८११ मध्ये मारवाडातून येथे आले होते. पूल नव्हता, महामार्ग नव्हता. तरीही माल येत होता आणि माणसे रुजत होती. ज्योतिप्रसादांच्या घराण्याने तर असमिया भाषाच आपली मानली. आज फॅन्सी बाजारात राजस्थानी घराण्यांच्या पेढ्यांवर व्यवहार असमियात, हिंदीत आणि मारवाडीत सारख्याच सहजतेने चालतो.

गुवाहाटीत गाडी उतरते तेव्हा काम पूर्ण झालेले नसते. उजेडात, घाई न करता ती सर्व बाजूंनी पाहावी. पुण्यात काढलेली छायाचित्रे आणि किलोमीटरचा आकडा ताडून पाहावा. नवा ओरखडा दिसला तर पोहोचपावतीवर सही करण्याआधीच तो तिच्यावर लिहावा. चालक हातघाईवर येईल, ‘नंतर पाहू’ म्हणेल. तरी शांतपणे लिहावे. ओरखडा नसेल, तर ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे, कारण त्या ओळीवर चालकाची मजुरी आणि अब्रू अवलंबून असते. पुढे गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ आसामात राहणार असेल, तर पुण्याच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन नवी नोंदणी करावी लागते. पुण्यात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग मग परत मागता येतो. भारत मालिकेचा ‘बीएच’ क्रमांक असलेल्यांना नव्या नोंदणीचा हा त्रास पडत नाही.

शराईघाटच्या पुलावरून एम.एच. क्रमांकाची गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर धावते, तेव्हा तिच्यामागे आठ-दहा अनोळखी हातांचे श्रम असतात: भरणारा, पट्टे आवळणारा, चालवणारा, वाटेत उतरवून पुन्हा चढवणारा. त्यांतल्या एकालाही मालकाने बहुधा पाहिलेले नसते. एका गावी लिहिलेली बिल्टी दुसऱ्या गावी जशीच्या तशी खरी ठरली, एवढाच त्यांचा आणि मालकाचा संबंध. व्यापाराचा धर्म म्हणतात तो याहून फार वेगळा नाही.