पाऊण तोळा

गेल्या वर्षी जिम कॉर्बेटच्या काही शिकारकथा मराठीत आणताना मी सर्वांत जास्त वेळ एका काडतुसापाशी थांबले. त्याचे नाव .२७५ रिग्बी. संपादकांनी सरळ सुचवले, ‘‘अहो, वाचकाला हे आकडे कशाला? नुसते ‘रायफल’ लिहा आणि पुढे चला.’’ मी आजवर छऱ्यांची बंदूकसुद्धा हातात धरलेली नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा असे मला वाटते. तरीही तो आकडा गाळायला माझा हात धजेना.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आपल्याकडे आला. हिंदीत तो कारतूस झाला, बंगालीत कार्तुज. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. पण काडतूस म्हणजे पितळी नळकांडे, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. जनावरापर्यंत पोचते ती फक्त गोळी.

.२७५ रिग्बी हे नावही मुळात एक भाषांतरच आहे. जर्मनीत पॉल माउझरने १८९२च्या सुमारास ७ × ५७ मिलिमीटरचे काडतूस तयार केले. सात हे नळीचे माप, सत्तावन्न ही नळकांड्याची लांबी. बोअर युद्धात बोअर शेतकऱ्यांनी याच काडतुसाने इंग्रजांना जेरीस आणले. पुढे लंडनच्या रिग्बी कंपनीने तेच काडतूस इंचांत मोजून स्वतःच्या नावाने विकले. गंमत म्हणजे गोळीचा खरा व्यास .२८४ इंच. रायफलीच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात. नावातला आकडा दोन समोरासमोरच्या उंचवट्यांमधल्या अंतराचा, आणि गोळी मात्र खाचांच्या तळापर्यंत भरून बसते. शत्रूचा माल, मित्राचे नाव आणि मापात थोडी तूट: भाषांतर करणाऱ्याला यात नवे काहीच नाही.

चितळ, काळवीट, बिबट्या अशा मध्यम आकाराच्या जनावरांसाठी हे काडतूस निवडण्यामागचा हिशेब असा. मोठ्या काडतुसाची रायफल खांद्याला जबर धक्का देते. त्या धक्क्याची धास्ती बसली, की चाप ओढण्याआधीच अंग आखडते, नेम हलतो आणि जनावर पोटात किंवा जबड्यात गोळी घेऊन पळते. फार हलके काडतूस घेतले, तर नेम साधूनही गोळी वरवरच अडकते. .२७५ची नेहमीची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे नऊ ग्रॅमची. आपल्या मापात पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. वजनाच्या मानाने ती लांब आणि सडपातळ, म्हणून खोल जाते. धक्का सोसवेल इतकाच.

‘करामोजो’ बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यांतले बहुतेक याच काडतुसाने. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो, याचा त्याने अभ्यास केला होता. ज्यांचा तसा अभ्यास नव्हता त्यांच्यासाठी आफ्रिकेत अनेक ठिकाणी धोकादायक जनावरांना .३७५ ही किमान मर्यादा कायद्यानेच घातली गेली.

हा तपशील कोरडा वाटेल; पण चंपावतच्या वाघिणीची कथा याच्यावरच उभी आहे. १९०७मध्ये कॉर्बेटने तिला मारले, तेव्हा तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिच्या उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले निघाले; वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. कॉर्बेटच्या मते ती बंदुकीच्या गोळीची जुनी इजा होती. नेहमीचे भक्ष्य मारणे जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली. ती गोळी झाडणाऱ्याचे नाव कथेत नाही. तो बहुधा ‘नेम चुकला’ म्हणून घरी गेला असेल. त्याच्या त्या एका बाराचा हिशेब कुमाऊंच्या आणि नेपाळच्या गावांनी चुकता केला.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला जी रायफल भेट दिली, ती .२७५ रिग्बी. १९२६मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या पडला तो तिच्याच गोळीने.

आज बोअरचे आकडे आपल्याला भेटतात ते गुन्ह्यांच्या बातम्यांत. हिंदी दैनिकांत तर ‘३१५ बोर’चा कट्टा नेहमीचाच. त्यामुळे आकडा दिसला की नुसती हिंसा आठवते. कॉर्बेटच्या पानावरचा आकडा मात्र विचारतो: जीव घ्यायचाच असेल, तर किती ताकदीने, कुठे, आणि चुकले तर भोगणार कोण? ‘नुसते रायफल’ लिहिले असते, तर वाक्य सुटसुटीत झाले असते आणि हा प्रश्न विचारायला कुणी उरले नसते.

संपादकांनी अखेर .२७५ तसेच ठेवले. अट एकच घातली: तोळ्याचा हिशेब कथेत नको, प्रस्तावनेत द्या. ती मला मान्य होती.