सड्यावरील गवत

यंदा दिवाळीनंतर पुतण्याच्या आग्रहावरून राजापूर तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं जाण्याचा योग आला. राजापूर रोड स्थानकावरून गांवाकडील चढण संपली कीं जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा दृष्टीस पडतो. पावसाळ्यांत येथें ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि वैशाखांत त्याच कातळावर अनवाणी पाय ठरत नाहीं. अशा भूमींत पुतण्यानें तीन वर्षांपूर्वीं आंब्याचीं ६० कलमें लावलीं.

येथें माझ्या एका अपराधाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. गतवर्षीं श्रावणांत आलों असतां बागेंत गुडघाभर गवत पाहिलें, आणि माझ्या मास्तरी मनाला तें आळसाचें लक्षण वाटलें. पुतण्या पुण्यास गेल्याची संधि साधून मीं मजूर लावले व सारी जमीन खरवडून स्वच्छ करविली. त्याच पंधरवड्यांतील मुसळधार सरींनीं उघडी माती वाहून नेली. मुळें उघडीं पडलीं आणि ११ कलमें दगावलीं. पुतण्या एक शब्दहि बोलला नाहीं. तेंच मला अधिक बोचलें.

मौज ही कीं, हरळी मात्र पूर्वीपेक्षां दाट उगवली! अमरकोशांत दूर्वेला ‘शतपर्विका’ म्हटलें आहे, हें मीं बालपणींच पाठ केलें होतें. परंतु पर्व म्हणजे पेर, आणि कुदळीनें तुटलेल्या पेरांनाहि नवीं मुळें फुटतात, हा त्या शब्दाचा अर्थ मला ह्या बागेनें शिकविला. लव्हाळ्याचेंहि तसेंच, वरचें पातें उपटलें तरी जमिनींतील गांठी शाबूत राहतात.

“काका, गवत शत्रु नव्हे, त्याची जागा तेवढी ठरवून द्यावी,” पुतण्या म्हणाला. कोंवळ्या कलमाभोंवतीं दोन हातांचें वर्तुळ तो हातानें बेणतो, कारण तेथें गवत पाण्याचा व अन्नाचा वांटा पळवितें. कापलेलें गवत त्याच वर्तुळांत वीतभर जाड पसरतो. मात्र खोडापासून चार बोटें दूर, नाहींतर ओलाव्यानें साल कुजते व वाळवी लागते. उरलेल्या जागेंत गवत बीं धरण्यापूर्वीं विळ्यानें कापावयाचें; मुळें राहिल्यानें माती धरून राहते. मृगाच्या सुमारास ताग व चवळी पेरावयाची. त्यांच्या मुळांवरील गांठींतील सूक्ष्म जीव हवेंतला नत्र जमिनीस मिळवून देतात. ह्या विचारास ‘पर्माकल्चर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियांतील बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन ह्यांच्या १९७८ सालच्या ग्रंथानें तें नांव रूढ झालें.

तथापि गवतावर आंधळा विश्वास टाकणेंहि बरें नव्हे. पौष-माघांत सडा वाळून कोळ होतो, आणि विडीच्या एका थोटकानें वणवा पेटून वर्षांचे श्रम घटकेंत राख होतात. म्हणून बागेभोंवतीं दहा हात रुंद पट्टा साफ मोकळा ठेवावा लागतो.

“येथें मात्र काका, तुमचीच स्वच्छता हवी,” असें म्हणून त्यानें हंसत माझ्या हातीं विळा दिला. चार सकाळीं मजुरांच्या जोडीनें मीं तो पट्टा साफ केला. पाठ दुखली, मन मात्र हलकें झालें.

निघण्याच्या दिवशीं बागेंत एक फेरी मारली. ११ कलमांच्या जागीं यंदा नवीं लावलीं आहेत. त्यांपैकीं एकास तांबूस पालवी फुटली होती.