आजीचा कागद

आमच्या आजीला डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार आहे. घरात त्याचे फारसे अडत नाही. आजीने दोनदा जेवण मागितले तर दोन्ही वेळा थोडे थोडे वाढायचे, एवढेच. खरी परीक्षा असते ती रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली म्हणजे. गेल्या वर्षात आमच्यावर ती तीनदा आली.

दुसरा रोगी आपले दुखणे आपण सांगतो. आजीला विचारावे तर ती म्हणते, "काही नाही रे, घरी चल." मग डॉक्टरांनी करावे तरी काय?

दुसऱ्या वेळची गोष्ट. सकाळपर्यंत आम्हाला ओळखणारी आजी संध्याकाळी भिंतीवर मुंग्या पाहू लागली, अंगावरचे पातळ ओढू लागली. शेजारी म्हणाले, "वय झालं, आता हे असंच वाढत जायचं." रात्री दोन वाजता रिक्षाने नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "हे कधीपासून?" आजच, असे बाबांनी सांगताच ते सावध झाले. विस्मरण महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढते. एका दिवसात माणूस बदलले तर कारण बहुधा निराळे असते. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, एखाद्या औषधाचा परिणाम, फार काय, साधे बद्धकोष्ठसुद्धा. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येतोच असे नाही.

पण दुखते कुठे? बाबा मराठीत विचारत होते, आजी गप्प. तेवढ्यात सिस्टरने कन्नडमध्ये विचारले, "एन आग्तदव्वा?" आजी चटकन् म्हणाली, "उरी. भाळ उरी." फार जळजळते! लघवी तपासली, संसर्ग निघाला. आजीचे माहेर गोकाककडचे. लग्न होऊन बेळगावात आली त्याला साठ वर्षे होऊन गेली. नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि लहानपणची मागे राहते, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले. बाबांना कन्नड जेमतेम येते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी एक कागद केला. (वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यादी करायला शिकवावे लागत नाही!) औषधे व त्यांच्या वेळा, कोणते औषध सोसत नाही, एरवी आजी कशी असते, किती चालते, कोणाला ओळखते. शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत, तीही दोन्ही लिपींत : घाबरल्यास कन्नडमध्ये बोलावे. कागद चष्मा नि कानाच्या यंत्रासोबत दाराजवळच्या पिशवीत असतो. ऐकू आले नाही, दिसले नाही म्हणजे तिचा गोंधळ दुप्पट होतो.

तिसऱ्या वेळी आजी न्हाणीघरात पडली. एकच माणूस आत सोडतात, तेव्हा मी राहिलो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि हात तपासण्यापूर्वी "बा अव्वा" म्हणून पुढे केला. हाड मोडले नव्हते. मी आजीला चष्मा घातला. तिने मला निरखून पाहिले.

"यार मग नी?" कोणाचा मुलगा तू?

मी बाबांचे नाव सांगितले.

"छलो हुडुगा," आजी म्हणाली. चांगला पोरगा आहे तो. आणि माझा हात धरून झोपली.